वजनाच्या ऑपरेशननंतर ड्युटीवर जाताय? या चुका टाळा

माझं स्लीव्हचं ऑपरेशन (वजन उतरवायला जठर कापून बारकं करतात ते) एप्रिलमधी संभाजीनगरला झालं आणि लातूरला येऊन अठराव्या दिवशी मी बँकेत कॅशला बसलो. बैठं काम असलं तर दोन-तीन आठवड्यात जाता येतं असं डॉक्टर सांगतात आणि ते बरोबरच आहे, पण जाता येतं म्हणजे आधीसारखं काम करता येतं असं नसतंय, हे मला पहिल्याच दिवशी कळालं. वरून बघितलं तर पोटावर पाच बारक्या खुणा, सगळं भरून आलेलं, लोक म्हणतात आता काय झालंय तुला. आत मात्र जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढलेला असतो आणि तिथं लांबलचक शिवण असते. खुणा बघून रजा ठरवू नका.

सगळ्यात मोठी चूक पाण्याची. दिवसाला दीड ते दोन लिटर जायला पाहिजे, पण आता ग्लास तोंडाला लावून गटागटा पिता येत नाही, घोट घोटच जातं. त्या दिवशी पेन्शनवाल्यांची रांग होती, एक झाला की दुसरा, बाटली माझ्या डाव्या हाताला ठेवलेली आणि दुपारी तीन वाजता बघितलं तर चार बोटं पाणी कमी झालेलं. उठायला गेलो तर डोळ्यापुढं अंधारी आली, शेजारच्या मॅडमनी पटकन खुर्ची सरकवली म्हणून बसलो, नाहीतर खालीच पडलो असतो. लघवीला गेलो तर गडद पिवळी. ऑपरेशननंतर बऱ्याच जणांना परत ॲडमिट व्हावं लागतं ते शरीरातलं पाणी कमी झाल्यामुळंच, आणि आपल्याकडं त्या दिवसात पारा ४१-४२ ला असतोय.

मग मी काय केलं, मोबाईलला दर १५ मिनिटाला व्हायब्रेशनचा अलार्म लावला आणि प्रत्येक टायमाला दोन-तीन छोटे घोट. एका टायमाला ३० मिली धरा, तासाला १२० होतंय, आठ तासात जवळपास एक लिटर. राहिलेलं सकाळ-संध्याकाळ घरी. सुरुवातीला अंदाज येत नाही म्हणून खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण धुऊन ड्रॉवरमधी ठेवलं होतं, त्यानं लई फायदा झाला. नुसतं पाणी नको वाटलं तर पातळ ताक, बिनसाखरेचं लिंबूपाणी. रांगेतले लोक थांबतात ओ, दोन घोटाला कितीसा वेळ लागतोय, कुणी एक शब्द बोललं नाही मला.

चक्कर पाण्यानंच येते असंही नाही. बीपीची गोळी जुन्याच डोसनं चालू ठेवली तर बीपी खाली जातो, कारण वजनही उतरायलंय आणि खाणंही कमी झालंय. इन्सुलिन किंवा शुगरच्या काही गोळ्यांचंही तसंच. रुजू व्हायच्या आधी सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवून घ्या, मनानं कमी-जास्त करू नका. आणि डोकं दुखलं की मेडिकलवरून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन आणून खायची सवय असली तर ती सोडाच, त्यानं अल्सर व्हायची भीती असते.

आता डब्याचं. सगळ्यांच्या बरोबर सगळ्यांच्या स्पीडनं जेवायचं नाही. पाचव्या आठवड्यात मी मुगाची मऊ खिचडी नेली होती, लंच संपत आला म्हणून चार घास भरभर घेतले आणि छातीच्या मधोमध दगड बसल्यासारखं झालं, तोंडाला फेसाळ पाणी सुटलं, वीस मिनिटं बेसिनपाशी उभा होतो. तसं अडकलं की वरून पाणी पिऊन ढकलायला जाऊ नका, आणखी त्रास होतो. चहाचा बारका चमचा न्या, एक घास चांगला पातळ होईपर्यंत चावा, पोट भरलं वाटलं की डबा बंद, उरलं तर उरू द्या. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्ध्या तासानं. आणि आधी वरण, अंडं, पनीर असं प्रोटीनचं खा, दिवसाला ६० ते ८० ग्रॅम लागतंय, भाताला जागा उरत नाही. भाकरीची घाई तर अजिबात नको, डॉक्टर सांगतील तेव्हाच.

लग्नसराईत "एवढा आमरस घ्या की भाऊजी, एवढ्यानं काय होतंय" म्हणणारे भेटतातच, माया असते त्यांची. पण गोडानं धडधड, घाम, जुलाब होऊ शकतात, त्याला डंपिंग म्हणतात, जठराचं बायपास झालेल्यांना जास्त (हृदयाचं नव्हे, तेही वजनाचंच ऑपरेशन). माझं मत असं, की सगळ्या ऑफिसला ऑपरेशन सांगायची गरज नाही, पण एका माणसाला नक्की सांगा. मी मॅनेजर सरांना सांगितलं तर त्यांनी दोन आठवडे बॅक ऑफिसला बसवलं आणि नाण्यांच्या पिशव्या उचलायचं काम दुसऱ्याकडं दिलं. चार ते सहा आठवडे पाच किलोच्या वर काही उचलायचं नसतंय. आडतीवर, मोंढ्यात सोयाबीनच्या कट्ट्यांशी ज्यांचं काम आहे त्यांनी तर सहा आठवडे झाल्यावरही डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

व्हिटॅमिनच्या गोळ्या जन्मभर आहेत, बी१२, लोह, कॅल्शियम, डी. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घेऊ नका, दोन तासाचं अंतर ठेवा. तिसऱ्या महिन्यापासून केस गळतात, घाबरू नका, बहुतेकांचे परत येतात.

आणि हे मात्र लक्षात ठेवाच. ताप, विश्रांतीतही छातीची जोरात धडधड, वाढत जाणारी पोटदुखी, डाव्या खांद्यात कळ, धाप, एका पायाची पोटरी सुजून दुखणं, काळी शी, पाणीसुद्धा न टिकणारी उलटी, यातलं काहीही झालं तर हाफ डे टाकून घरी झोपायला जायचं नाही. शिवण पहिल्या काही आठवड्यातही गळू शकते. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावा. आपल्या लातूरहून संभाजीनगर पाच-सहा तास लांब आहे, त्यामुळं गावातलं कुठलं हॉस्पिटल आधी गाठायचं ते त्यांनाच आधी विचारून ठेवा, आणि डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स बॅगेत ठेवा. माझी अजून डब्याच्या पिशवीतल्या मागच्या कप्प्यात आहे.