स्टार्टर क्लबवर ऑनलाइन गोल्फ चॅलेंज: नेम होलवर नको, टप्प्यावर धरा

बेळगावात गोल्फ म्हटलं की अजूनही बऱ्याच जणांना बिबट्याच आठवतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जाधवनगरात दिसलेला बिबट्या गोल्फ मैदानाच्या झाडीत शिरला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि त्याला हुडकायला सक्रेबैलूच्या हत्ती-छावणीतून हत्ती आणले. त्या कुंपणाच्या आत खेळ कसा चालतो हे मात्र आपल्यातल्या फार थोड्यांनी बघितलंय. मीही गोल्फ शिकलो ते मोबाईलवरच. आता आमचा सहा जणांचा गट आहे. टिळकवाडी, वडगाव, येळ्ळूर असे पाच जण आणि सहावा खानापूरचा. रविवारी रात्री जेवणं आटोपली की नऊ होल खेळतो (सुरुवातीच्या जागेपासून भोकापर्यंत एक होल). नियम एकच: खेळ पहिल्यांदा उघडल्यावर जे स्टार्टर क्लब (क्लब म्हणजे गोल्फची काठी) आणि जो बॉल फुकट मिळतो, तेवढ्यावरच खेळायचं.

हे चॅलेंज कसं खेळावं, असं विचारणाऱ्यांना बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो: "आधी चांगला ड्रायव्हर घ्या." ड्रायव्हर म्हणजे सगळ्यात लांब मारणारा क्लब. हा सल्ला चुकीचा आहे. १९१६ ची गोल्फची यूएस ओपन चिक इव्हान्स या हौशी खेळाडूने बॅगेत फक्त सात क्लब ठेवून जिंकली. त्याचा २८६ फटक्यांचा विक्रम पुढे वीस वर्षं टिकला. गोल्फच्या नियमाने चौदा क्लब चालतात. तुमच्या स्टार्टर बॅगेतही सातापेक्षा कमी बहुधा नसतील.

तयारी

नवीन खातं उघडा किंवा जुन्या खात्यात बॅग पहिल्या संचावर आणा. बॉल साधा, बूस्ट बंद. सगळ्यांचे टी (पहिला फटका मारायची जागा) एकच आणि शक्यतो पुढचे. पैसे लावू नका. केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीच आणलीय, आणि पैसे आले की गटातली मैत्री टिकत नाही ती वेगळीच.

नेटचं तेवढं बघा. ताकदीचा मीटर (फटक्याचा जोर ठरवणारी पट्टी) मध्येच अडखळला तर उत्तम क्लबही कामाचा नाही. आमचा खानापूरचा गडी पावसाळ्यात करंट गेला की टॉवरसकट गायब होतो, म्हणून जून ते सप्टेंबर त्याचा डाव आम्ही शनिवारीच उरकून घेतो. फोनवरची बाकीची ॲप बंद करा, बॅटरी सेव्हर काढा.

वार समजून घ्या

खेळात अंतर यार्डात दिसतं आणि नवा माणूस तिथेच बिचकतो. यार्ड म्हणजे आपला वार. शहापुरात नऊवारी मोजून देतात तो हाच. शेतीवाल्यांना तर आणखी सोपं, कारण गुंठ्याची एक बाजू ३३ फूट, म्हणजे बरोबर ११ वार. क्रिकेटची खेळपट्टी २२ वार, म्हणजे गुंठ्याच्या दोन बाजू. स्क्रीनवर ११० दिसलं की डोळ्यांसमोर दहा गुंठे एका ओळीत आणा. असं अंतर एकदा डोळ्यांत बसलं की वीस वारांची चूक किती मोठी असते ते कुणी सांगावं लागत नाही.

वही करा

हे टाळून पुढे जाणाऱ्याला मी पुढची काहीच मदत करू शकत नाही. चौकटीची वही घ्या. सरावाच्या मैदानात प्रत्येक क्लबने पूर्ण ताकदीचे दहा फटके मारा आणि दोन आकडे लिहा: बॉल हवेतून जाऊन पहिला टप्पा कुठे पडला, आणि तिथून पुढे किती पळाला. खेळ क्लबच्या नावाखाली जो आकडा दाखवतो त्यावर विसंबू नका. तो टप्प्याचा आहे की थांबल्याचा, हे खेळागणिक बदलतं. माझ्या वहीत पिचिंग वेज (जवळच्या उंच फटक्याचा क्लब) १००, नऊ नंबरचा आयर्न (लोखंडी डोक्याचा क्लब) ११०, आठ नंबर १२०, ड्रायव्हर २०० असे टप्प्याचे आकडे आहेत. वेजची पळ शांत हवेत ६ वार, वारा पाठीमागून असेल तर ९, समोरून असेल तर ४. तुमचे आकडे वेगळे निघतील, पण रकाने हेच ठेवा.

टी

ड्रायव्हरने सरळ मारा, फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) राहा. फटका लांब गेला नाही म्हणून जीव खाली-वर करू नका.

ग्रीनवरचा फटका: मी इथेच अडकलो होतो

सुरुवातीचे दोन-अडीच महिने माझा बॉल ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक गवतावर) थांबतच नव्हता. भोकातल्या झेंड्याच्या अगदी मुळाशी पडायचा आणि मागे तळ्यात, वाळूत नाहीतर गवतात जायचा. मी मीटर अचूक मारत होतो, नेम बरोबर धरत होतो, तरी हाताला काही लागत नव्हतं. एकदा भाचा शेजारी बसून बघत होता. म्हणाला, "मामा, बॉल फ्लॅगजवळच पडला की!" मी म्हटलं, "पडला रे, पण थांबला कुठं?" हे माझ्या तोंडून निघालं आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर आम्ही वर्षानुवर्षं क्रिकेट खेळलोय. सीमारेषेवरून थ्रो करताना कुणी कीपरच्या हातावर नेम धरतं का? एक टप्पा घेऊन बॉल हातात जाईल अशी जमिनीवरची जागा बघतो आणि तिथे टाकतो. गोल्फमध्ये मात्र मी थेट कीपरच्या हातावर फेकत होतो.

स्टार्टर क्लबचं खरं दुबळेपण अंतरात नाही. ते फिरकीत आहे. महागडा वेज आणि महागडा बॉल एकत्र आले की उलट्या फिरकीमुळे बॉल टप्प्यावरच दबकतो, कधी मागेही येतो. फुकटच्या बॉलला ती फिरकी लागतच नाही म्हटलं तरी चालेल. बॅकस्पिनचं बटण तळापर्यंत ओढलं तरी बहुतेक खेळांत वार-दोन वारांचा फरक. व्हिडिओत बघून "झेंड्यावर मारा, बॅकस्पिन द्या" असं सांगणाऱ्यांच्या बॅगेत कुठले क्लब आहेत ते आधी बघा. त्यांचं त्यांच्यापुरतं खरं आहे, पण स्टार्टर बॅगवाल्याने तसं केलं की बॉल तळ्यात जातो.

म्हणून फटक्याआधी हिशेब मागून पुढे करायचा. झेंड्यापासून सुरुवात करा, पळ वजा करा आणि टप्पा कुठे हवा ते ठरवा. उंचीसाठी तीन फुटांना एक वार धरा, उतार असेल तर वजा, चढ असेल तर अधिक. वाऱ्यासाठी खऱ्या गोल्फमधला ठोकताळा खेळातही चांगला चालतो: समोरचा वारा ताशी एक मैल असेल तर अंतरात साधारण एक टक्का वाढ, पाठीमागचा असेल तर अर्धाच टक्का घट. समोरचा वारा नेतो जास्त आणि पाठीमागचा देतो कमी. दोन्हीला एकच आकडा धरणारे म्हणून कायम चुकतात.

एक प्रत्यक्ष होल घेऊ. झेंडा ११८ वारांवर, ग्रीन नऊ फूट खाली, वारा पाठीमागून ताशी दहा मैल. नऊ फुटांचे तीन वार गेले, राहिले ११५. वाऱ्याचे पाच टक्के म्हणजे सहा गेले, राहिले १०९. पाठीमागच्या वाऱ्यातली पळ नऊ, राहिले १००. पिचिंग वेज, पूर्ण ताकद, विषय संपला. आता जो माणूस ११८ बघून १२० चा आठ नंबर काढतो त्याचं काय होतं ते मोजा. १२० अधिक वाऱ्याचे सहा, उताराचे तीन, वर नऊची पळ. बॉल थांबतो १३८ वर, झेंड्याच्या वीस वार पलीकडे. गुंठ्याच्या जवळजवळ दोन बाजू! आठ नंबरची पळ तर वेजपेक्षा जास्तच असते, ती मी इथे धरलेली नाही.

तेच होल, वारा उलटा. ११५ मध्ये दहा टक्के मिळवा, झाले १२७ च्या आसपास. समोरच्या वाऱ्यात पळ चारच, राहिले १२३. आता मात्र आठ नंबर बरोबर, आणि तो दोन-तीन वार अलीकडे राहिला तरी चालेल. झेंडा तोच, अंतर तेच, पण क्लब दोनने बदलला. हा हिशेब सुरुवातीला कागदावर करा. खेळात फटक्याला वेळेची मर्यादा असेल तर बॉल पळत असतानाच पुढची आकडेमोड सुरू करा. महिनाभरात तोंडी येतो.

आता दुसरा चकवा. हिशेबात १०५ आलं तर काय करायचं? वेज १००, नऊ नंबर ११०. बरेच जण नऊ नंबर काढून ताकद कमी करतात. मी हे करत नाही आणि कुणाला करू देत नाही. ताकद कमी केली की आधीच नसलेली फिरकी आणखी कमी होते, बॉल सपाट जातो आणि जास्त पळतो. शिवाय मीटर मध्येच अचूक थांबवणं हे पूर्ण भरण्यापेक्षा कितीतरी अवघड. छोटा क्लब, पूर्ण ताकद, पाच वार अलीकडे. पाच वारांचा पट (ग्रीनवर बॉल घरंगळवायचा फटका) परवडतो.

यावरून टीवरचा विचारही बदलतो, म्हणून तिथे मी एका ओळीत आटपलं होतं. समजा होल ४३० वारांचं, पार चार (म्हणजे चार फटक्यांत संपावं असं). ड्रायव्हर आणि थ्री वुड (ड्रायव्हरच्या खालोखाल लांबचा क्लब) जीव तोडून मारलं तर पन्नास वार उरतात, आणि पन्नास वारांचा अर्धवट फटका स्टार्टर वेजवर सगळ्यात वाईट. त्याऐवजी ड्रायव्हरने २००, मग छोट्या आयर्नने १३०, मग उरलेले शंभर पूर्ण वेजने. तिसऱ्या फटक्याला ग्रीन, एक पट पडला तर पार, दोन लागले तर बोगी (पारपेक्षा एक जास्त). "ग्रीनच्या जितकं जवळ तितकं चांगलं" हे स्टार्टर बॅगेला लागू नाही. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सचं सतरावं होल, रोड होल, मागच्या टीवरून ४९५ वारांचं आणि पार चार आहे. ते मी पार पाच समजूनच खेळतो आणि ग्रीनसमोरच्या बंकरकडे (वाळूच्या खड्ड्याकडे) बघतही नाही. तसा हा कोर्स आपल्या चॅलेंजला फार चांगला. जमीन मोकळी, ग्रीन अवाढव्य, बॉल अलीकडे टाकून पळवत नेता येतो. कोर्स निवडायची पाळी तुमच्यावर आली तर समुद्रकाठचे असे कोर्स निवडा, तळ्यांनी वेढलेले नकोत.

टप्प्याच्या जागी वाळू किंवा पाणी असेल तर? झेंडा विसरा. ग्रीनची जी बाजू मोकळी आहे तिथे टप्पा शोधा, मग लांबचा पट आला तरी येऊ दे. पाण्याच्या लगेच मागे झेंडा आणि वारा पाठीमागून, अशा होलवर मी आजवर एकदाही झेंड्याकडे मारून सुखी झालेलो नाही. जागा निवडता येत असेल तर आपल्याकडे तोंड केलेला चढ शोधा, त्यावर पडलेला बॉल निम्माही पळत नाही. आणि ग्रीनच्या अलीकडचं गवत कापलेलं आहे की वाढलेलं, ते झूम करून बघा. वाढलेल्या गवतात टप्पा पडला तर बॉल तिथेच बसतो आणि सगळा हिशेब वाया जातो.

वाळू

बाहेर काढा, एवढंच. झेंड्याचा विचार पुढच्या फटक्याला.

पट

भोक सव्वाचार इंच रुंद. त्याच्या काठाला लागून थांबेल असा नव्हे, तर न पडल्यास फूटभर पुढे जाईल असा मारा. खेळ ग्रीनवर जी जाळी दाखवतो तिच्यावरचे ठिपके जिकडे वेगाने सरकतात तिकडे उतार. भोकाजवळच्या शेवटच्या चार फुटांतले ठिपके सगळ्यात महत्त्वाचे, कारण तिथे बॉल हळू झालेला असतो आणि उतार त्याला जास्त ओढतो. स्टार्टर पटरचा मीटर फार लांबचं दाखवत असेल तर छोट्या पटला तो चुटकीएवढाच हलवावा लागतो. त्याचा सराव वेगळा करा, तीन फुटांपासून.

गुण

एकूण फटके मोजू नका. या बॅगेवर एखाद्या होलला आठ-नऊ फटके लागणारच, आणि मग माणूस मध्येच फोन ठेवून देतो. स्टेबलफोर्ड लावा. फ्रँक स्टेबलफोर्ड यांनी ही पद्धत याच कारणासाठी काढली आणि १९३२ पासून ती रूढ झाली. बोगीला एक गुण, पारला दोन, बर्डीला (पारपेक्षा एक कमी) तीन, ईगलला (दोन कमी) चार, बोगीहून वाईट असेल तर शून्य. होल हातचं गेलं की बॉल उचला आणि पुढे चला. नऊ होलमध्ये नऊ गुण म्हणजे प्रत्येक होलला बोगी. नव्या माणसाने पहिल्या महिन्यात तेवढंच उद्दिष्ट ठेवावं. आमच्या गटात बारा गुणांना रविवार जिंकता येतो.

बरोबरी झाली तर शंभर वारांवरून प्रत्येकी तीन बॉल, ज्याचा एक बॉल झेंड्याच्या सगळ्यात जवळ थांबेल तो जिंकला. थांबेल, पडेल नव्हे, हे आधीच सगळ्यांकडून कबूल करून घ्या.