गाडीचं लॉक दगा देतं तेव्हा

रिमोट दाबला, तीन दारांतून खट्ट आवाज आला आणि चौथं दार रात्रभर उघडंच राहिलं. तेव्हापासून मी हँडल ओढून पाहिल्याशिवाय गाडीपासून हलत नाही.

रिमोटच्या पोटात बहुधा साधी किल्ली असते. तिचं भोक कधी ड्रायव्हरच्या हँडलवरच्या टोपणाखाली लपलेलं असतं. ते आजच उजेडात शोधून ठेवा. आत शिरूनही गाडी सुरू होत नसेल तर स्टार्टच्या बटणालाच रिमोट टेकवून ते बटण दाबा. बऱ्याच गाड्यांत सेल संपला तरी चिप ओळखली जाते.

सगळीच दारं मुकी असतील तर आधी रिमोटचा सेल बदला (अनेकदा 3 व्होल्टचा सीआर2032), मग 12 व्होल्टची बॅटरी आणि फ्यूज तपासा. एकच दार अडलं असेल तर त्यातली मोटर किंवा बिजागरीजवळच्या रबरी नळीतली वायर. ती रोज वाकून वाकून तुटते. माझी वायर वरून धडधाकट दिसत होती, आत तांब्याच्या तारा काळ्या पडून तुटलेल्या.

उन्हात मूल आत अडकलं असेल तर मात्र दुरुस्ती करत बसू नका. त्याच्यापासून लांबची बाजूची काच फोडा, लगेच.