बॅकअप होता, फक्त कुणी उघडून पाहिला नव्हता

ऑफिसचे तीस कॉम्प्युटर माझ्या गळ्यात पडले तेव्हा सोबत एक काळी हार्ड डिस्कही मिळाली. वर चिकटपट्टी लावून लिहिलेलं, ‘बॅकअप – अकाउंट्स’. दर शुक्रवारी अकाउंट्सच्या ताई डेस्कटॉपवरचं सगळं त्यात कॉपी करायच्या. एक दिवस त्यांचं मशीन टकटक आवाज करत बंद पडलं आणि मी ऐटीत ती डिस्क जोडली. पगारपत्रक, येणी, जमाखर्च, सगळी नावं जागेवर. पण प्रत्येक आयकॉनच्या कोपऱ्यात छोटा बाण, आणि साइज २ केबी. आठ महिने आम्ही शॉर्टकट, म्हणजे फाइलींचे नुसते पत्ते, जपून ठेवले होते!

म्हणून आधी खरी फाइल कुठे आहे ते शोधा. आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये पाहिलं की पत्ता कळतो. प्रत्येकाच्या खुर्चीजवळ जाऊन विचारा, ‘उद्या हे मशीन सुरूच झालं नाही, तर पहिल्या तासात काय लागेल?’ उत्तरं मजेशीर येतात. निम्मं काम डाउनलोड्समध्ये सापडतं. आउटलुकची पीएसटी फाइल, म्हणजे साठवलेले ईमेल, कुणालाच आठवत नाही, आणि आउटलुक चालू असताना ती बहुतेक वेळा कॉपीही होत नाही. ते आधी बंद करा. अकाउंटिंग सॉफ्टवेअरचा डेटाही चालू असताना ओढून घेऊ नका, त्यातला बॅकअपचा पर्याय वापरा.

मग बॅकअपचा ३-२-१ नियम. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक ऑफिसबाहेर. वनड्राइव्हसारखं सिंक, म्हणजे इथला बदल आपोआप इंटरनेटवरच्या प्रतीतही होणं, हा बॅकअप नव्हे. इथे फाइल उडवली की तिथूनही उडते, रीसायकल बिनमध्ये थोडे दिवस राहते एवढंच. रेडचंही (RAID, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून एक बिघडली तरी काम चालू ठेवायची सोय) तेच. एक डिस्क मेली तर रेड वाचवेल, चुकून डिलीट केलेली फाइल परत देणार नाही.

डिस्क कायम जोडून ठेवायची नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फाइल्स अडकवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर पसरलं तेव्हा मशीनला जोडलेल्या ड्राइव्हवरच्या फाइल्सही ते कुलूपबंद करत होतं. आमच्याकडे दोन डिस्क आहेत, आलटून पालटून. एक जोडलेली असते तेव्हा दुसरी दुसऱ्या इमारतीतल्या कपाटात. ५०० जीबी कॉपी व्हायला सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने दीड तास जातो, म्हणून काम रात्री लावा. डिस्क फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल ती घेत नाही, आतला डेटा आधी दुसरीकडे हलवून ती एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट करून घ्या. रोबोकॉपी ही विंडोजमधली कॉपी करायची कमांड वापरणाऱ्यांनी ‘मिरर’चा पर्याय जपून वापरावा. मूळ फोल्डर रिकामा झाला असेल, तर तो बॅकअपही इमानेइतबारे रिकामा करतो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावायचं साधन) असेल तर त्याची रिकव्हरी की त्याच लॅपटॉपवर ठेवू नका. हसू नका, मी पाहिलंय.

राहिली परीक्षा, आणि माझ्या मते खरं काम तेच. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचा फोल्डर उडवला. रोजचा बॅकअप पाहायला गेले तर तो होतच नव्हता. प्रोग्रॅमची व्हर्जन जुळत नव्हती, आणि ‘बॅकअप फसला’ सांगणारे ईमेलही वाटेतच नाकारले जात होते. एकाने चाचणीसाठी सहा तास आधी घेतलेली प्रत होती, म्हणून निभावलं.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी चिठ्ठी काढून एक मशीन निवडतो, त्याच्या बॅकअपमधली एक फाइल भलत्याच कॉम्प्युटरवर उतरवतो आणि शेवटच्या ओळीवरची तारीख वाचतो. नुसतं फाइलचं नाव दिसलं तर मोजत नाही. वहीत चार रकाने: तारीख, मशीन, फाइल, उघडली का.

गेल्या महिन्यात चिठ्ठी पगारपत्रकाची निघाली. फाइल पूर्ण साइजची, तारीख ताजी, आणि उघडायला गेलो तर पासवर्ड. तो फक्त ताईंना ठाऊक, आणि ताई रजेवर. चौथ्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं.