नुसतं ‘थकलो’ म्हणून भागत नाही: थकवा सांगताना या चुका टाळा

‘थकलोय’ म्हटलं की समोरून ठरलेलं उत्तर येतं, ‘मग झोप जरा.’ कधी ते लागू पडतं. बऱ्याचदा मात्र आठ तास झोपून उठलेल्या माणसालाच ते ऐकावं लागतं आणि तो आणखी वैतागतो. दोष निम्मा सांगणाऱ्याचाही असतो. दम संपलाय, अंगातलं त्राण गेलंय, गोडी उरली नाही की सहनशक्ती, हे त्याने सांगितलेलंच नसतं. मराठीत यातल्या प्रत्येकाला वेगळा शब्द आहे. आपण सगळीकडे एकच वापरतो, मग उत्तरही सगळीकडे एकच मिळतं.

दमणं आणि थकणं यांची सरमिसळ

दमणं श्वासाशी जोडलेलं आहे आणि थोड्या वेळाचं आहे. जिना चढून माणूस दमतो, पाच मिनिटं टेकतो, पुन्हा चालू लागतो. थकणं सावकाश येतं आणि सावकाश जातं, कधी जातही नाही. ‘बाबा दमलेत’ म्हटलं तर कुणीतरी पाणी आणून देईल. ‘बाबा थकलेत’ म्हटलं तर ऐकणारा त्यांच्या वयाचा विचार करू लागेल. लांबच्या प्रवासाहून आलेल्या आईबद्दल नातेवाइकांना ‘आई फार थकली’ असं कळवलंत, तर तब्येतीची चौकशी करणारे फोन येणारच. तिथे ‘प्रवासाचा शीण आलाय’ हे नेमकं. शीण प्रवासाचा असतो, जागरणाचा असतो, खूप रडण्याचाही असतो. काम चालू असताना तो फारसा कळत नाही, संपल्यावर अंगावर येतो.

यांच्यासोबत येणारी क्रियापदंही पाहा. शीण उतरतो, थकवा जातो, मरगळ झटकता येते. म्हणूनच ‘थकवा झटका आणि कामाला लागा’ हा सल्ला मला नुसता चुकीचा नाही, थोडा निर्दयही वाटतो.

डॉक्टरांना फक्त ‘अशक्तपणा वाटतो’ सांगणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. या एका वाक्यात निदान चार वेगळ्या तक्रारी दडलेल्या असू शकतात आणि चौघींच्या तपासाची दिशा निराळी असते.

थोडं चाललं की धाप लागत असेल तर ‘धाप लागते’ असंच म्हणा. ‘दमायला होतं’ यातून श्वास कमी पडतो की पाय उचलत नाहीत, ते कळत नाही. धापेमागे हृदय, फुफ्फुसं किंवा रक्तातलं कमी हिमोग्लोबिन असू शकतं. स्नायूंतला जोरच कमी झाला असेल तर घडतं ते सांगा: बसल्यावर हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येत नाही, भांडं हातातून सुटतं. आणि एका बाजूचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर त्याला थकवा समजून आराम करत बसू नका. ते पक्षाघाताचं लक्षण असू शकतं, लगेच रुग्णालय गाठा.

तिसरी तक्रार झोपेची. बसल्या जागी पेंग येणं आणि थकलेलं असूनही डोळा न लागणं, या दोन टोकांच्या गोष्टी आहेत. मरी जॉन्स या डॉक्टरांनी १९९१ मध्ये मांडलेली एपवर्थ प्रश्नावली यासाठीच उपयोगी पडते. ‘थकवा वाटतो का?’ असं ती विचारतच नाही. वाचताना, टीव्ही पाहताना, दुपारी आडवं झाल्यावर अशा ८ प्रसंगांत डुलकी लागण्याची शक्यता किती, याला ० ते ३ गुण द्यायचे असतात. दिवसा पेंग येत असेल आणि रात्री मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकणं हेही होत असेल, तर घरच्यांनी पाहिलेलं डॉक्टरांच्या कानावर जायलाच हवं.

चौथ्या प्रकारात अंगात बळ असतं, पण कशालाच हात घालावासा वाटत नाही. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतही मन लागत नाही. बरेच जण याला संकोचाने ‘थकवा’ म्हणतात, कारण ‘मन लागत नाही’ म्हणणं जड जातं. पण नैराश्याची शंका डॉक्टरांना येते ती याच वाक्यावरून.

किती दिवसांपासून, दिवसाच्या कोणत्या वेळी, झोपेनंतर फरक पडतो का, एवढं जोडलंत तरी थायरॉइड आणि मधुमेहापासून चालू औषधांपर्यंत काय काय पाहायचं, ते त्यांना ठरवता येतं. जाता जाता: फोनवर ‘ते ग्लानीत आहेत’ असं उगाच म्हणू नका. त्याचा अर्थ शुद्ध हरपत चालली आहे, असा घेतला जाईल.

‘या सगळ्याने मी थकलोय’

हल्ली हे वाक्य फार दिसतं. रोजच्या त्याच त्या वादांनी माणूस थकत नाही असं नाही, पण बोलणाऱ्याला बहुतेक वेळा वेगळंच म्हणायचं असतं. रस उरला नाही तर कंटाळा. एकच गोष्ट अति झाली तर वीट. ती आता सहनच होत नसेल तर उबग. कंटाळ्यातही बारकावा आहे: ‘अभ्यासाचा कंटाळा आलाय’ हे आजचं झालं, ‘त्याला अभ्यासाचा कंटाळा आहे’ हा स्वभाव झाला. पहिलं म्हणायचं असताना दुसरं म्हणालात तर पोर उगाच आळशी ठरतं.

वाक्प्रचारांची अदलाबदल

दिवसभराच्या कामानंतर ‘हातपाय गळाले’ असं लिहिलेलं दिसतं, पण हातपाय धीर सुटल्यावर गळतात. गर्भगळित होतो तो भीतीने. श्रमाने शरीर ढिलं पडलेला माणूस गलितगात्र. घायकुतीला येण्यात उतावीळपणा आहे, मेटाकुटीला येण्यात हाल आहेत. कंबरडं बहुधा कर्जाने किंवा नुकसानीने मोडतं.

नोकरीतला थकवा मोघम सांगणं

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात ‘बर्नआउट’ची नोंद आहे, पण आजार म्हणून नाही, कामाशी संबंधित स्थिती म्हणून. नीट न हाताळलेल्या दीर्घकाळच्या ताणातून ती येते आणि तिची तीन अंगं सांगितली आहेत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा, आणि हातून नीट काम होत नसल्याची भावना. वरिष्ठांना लिहिताना यातलं काय होतंय आणि कशामुळे, ते लिहा. ‘फार थकलोय’ यावर सहानुभूती मिळेल. ‘दोन जणांचं काम माझ्याकडे आहे, रविवारीही सुट्टी होत नाही, या आठवड्यात दोनपैकी एकच अहवाल देता येईल’ यावर निर्णय घेता येतो.

गोष्टीत ‘खूप थकला होता’

‘खूप’, ‘प्रचंड’, ‘अतोनात’ जोडून पात्र जास्त थकत नाही. तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ‘जाऊ दे’ म्हणाली, एवढं पुरतं. त्यातही थकलेल्या माणसाच्या तोंडी लांबलचक, अलंकारिक वाक्यं घालू नका. थकलेला माणूस वाक्यंसुद्धा अर्धी सोडतो.

शुद्धलेखनाचं थोडं

‘क्षीण आला’ चूक, ‘शीण आला’ बरोबर. क्षीण हे विशेषण आहे: क्षीण आवाज, क्षीण नाडी. शीणमधली वेलांटी दीर्घ, पण विभक्ती लागली की ऱ्हस्व होते: शिणाने. वीट आणि उबग इथे पुल्लिंगी, म्हणून ‘वीट आला’. ‘वीट आली’ म्हणजे बांधकामाचं सामान पोचलं. आणि ‘थकवलं’ जपून वापरा, भाडं किंवा हप्ते थकवले जातात. दिवसभर नाचवणाऱ्या पोरांबद्दल ‘दमवलं’ म्हणावं.