‘अधःपतन’ लिहिताना या चुका टाळा

‘अधोपतन’ असा शब्द नाही. अधोगती बरोबर, मग अधोपतनही चालेल, हा अंदाज इथे फसतो. विसर्गापुढे ग, म, व असं मृदू व्यंजन आलं की ‘अधः’चं ‘अधो’ होतं: अधोगती, अधोमुख, अधोवदन. पुढे क, ख, प, फ असेल तर विसर्ग जागचा हलत नाही. म्हणून अधःपतन, अधःपात, तसंच अंतःकरण. ‘मनोकामना’ रूढीनं आत आली खरी, पण तिच्या भरवशावर अधोपतन खपवू नये.

विसर्गाच्या जागी कोलन टाकला तर डोळ्यांना फरक कळत नाही, पण फाइलमध्ये शब्द शोधताना तो सापडत नाही. इन्स्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीत शिफ्ट दाबून शून्याशेजारची वजाबाकीची कळ दाबा, खरा विसर्ग उमटतो.

अर्थाचा घोळ याहून मोठा. ‘पेठांतल्या वाड्यांचं अधःपतन’ असं पुण्यावरच्या लेखात कुणी लिहिलं, तर वाड्यानं काय पाप केलं, असं विचारावंसं वाटतं. वाड्याची पडझड होते. वाड्यात जुगाराचा अड्डा चालवणाऱ्याचं अधःपतन. मुळा-मुठेचा ऱ्हास होतो, शेअर बाजाराची घसरण. नीतिमूल्यांचाही ऱ्हास म्हणता येतो, पण तो हळूहळू झिजण्याचा शब्द आहे, त्यात कुणा एकावर बोट नसतं. अवनती ही उन्नतीच्या उलट, तिला चारित्र्याशी देणंघेणं असेलच असं नाही. नोकरीत पदावनती झालेला माणूस सज्जन असू शकतो. ‘खाली अधःपतन झालं’ यातलं ‘खाली’ सरळ काटा. ‘अधः’ म्हणजेच खाली.

सेवानियमांत ‘नैतिक अधःपतनाचा अपराध’ हे शब्द दिसले, तर मात्र रोजच्या बोलण्यातला अर्थ लावू नका. आपल्याला लाजिरवाणी वाटणारी प्रत्येक गोष्ट त्यात बसत नाही. मुळातच नीच, हीन असं वर्तन त्या गुन्ह्यात आहे का, हे न्यायालय पाहतं. हरियाणातल्या एका सरकारी कर्मचाऱ्याची नोकरी अश्लील वर्तनाच्या कलमाखाली झालेल्या 20 रुपये दंडामुळे गेली होती. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. नोकरीच्या अर्जात अशा अपराधाबद्दल विचारणाऱ्या रकान्यापाशी अडलात, तर शब्दकोश मिटून वकिलाला विचारा.