आपल्या गल्लीत कोण कुठून आलं, हे कसं लिहून काढावं

बडोद्यात मराठी शाळेत मी तीस वर्षं शिकवलं आणि १९९१ व २००१ या दोन्ही जनगणनांना घरोघरी फिरले. निवृत्तीनंतर दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीतल्या तेवीस घरांची वही केली. हे काम कुणालाही जमेल, फक्त प्रश्न नीट विचारायला हवेत.

"तुम्ही मूळच्या कुठल्या?" असं विचारू नका. मी समोरच्या आजींना तेच विचारलं होतं. "आम्ही राजापूरचे," त्या म्हणाल्या. राजापूर त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिलेलं, कुलदेवतेच्या दर्शनाला गेल्या तेव्हा. त्या स्वतः जन्मल्या धारला, वाढल्या देवासला आणि १९५८ साली लग्न होऊन इथे आल्या. मूळ गाव विचारलं की उत्तर घराण्याचं येतं, समोरच्या माणसाचं येत नाही.

त्यापेक्षा जनगणनेतले प्रश्न घ्या: जन्म कुठे झाला, इथे येण्याआधी कुठे राहत होता, इथे किती वर्षं झाली, का आलात. आधीचं ठिकाण १९७१ पासून विचारलं जातं, येण्याचं कारण १९८१ पासून. २०११च्या मोजणीत देशात सुमारे ४५ कोटी स्थलांतरित होते. त्यांत बायका जास्त, आणि त्यांच्या येण्याचं सर्वांत मोठं कारण लग्न. म्हणून घरातल्या प्रत्येक बाईशी वेगळं बसून बोला, जमलं तर स्वयंपाकघरात. बैठकीत बोलणं निघालं की नोकरीचीच हकिकत होते आणि बाईचा प्रवास वहीत उतरतच नाही. मला याचं फार वाईट वाटतं. आमच्या गल्लीत सर्वांत लांबून आलेल्या माणसांत बायकाच अधिक आहेत.

साल आठवत नसेल तर खूण द्या. सयाजीराव महाराज गेले (१९३९) त्याच्या आधी की नंतर? संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं (१ मे १९४९) तेव्हा शाळेत जात होता का? गुजरात वेगळं झालं (१ मे १९६०) तेव्हा? २००५ला विश्वामित्री नदीचं पाणी चढलं तेव्हा कुठल्या घरात होता? अशा खुणांनी माणसं नेमकं सांगतात.

वीसेक घरं झाली की सालं एका ओळीत मांडा. आमच्याकडे १९४९च्या आधी आलेले बहुतेक गायकवाडी चाकरीसाठी आलेले, साताऱ्याकडून, कोकणातून. साठच्या दशकात बडोद्याजवळ कोयलीची रिफायनरी सुरू झाली, त्यानंतरची कारणं कारखान्यांची. १९९५नंतर येणं आटलं आणि जाणं वाढलं: पुणे, टोरांटो, सिडनी. गेलेल्यांसाठीही एक रकाना ठेवा.

रिकाम्या खोल्यांत कोण राहायला आलं, तेही लिहा. पहिल्या वेळी मी भाडेकरू सोडून दिले होते, ती चूक. वरच्या मजल्यावर गंजामचं ओडिया कुटुंब आहे, मागे धुळ्याकडचे दोन भाऊ. त्यांच्याकडे जाताना आधार कार्ड, जात, भाडं यांचा विषय काढू नका. वही कशासाठी आहे ते आधी सांगा, आणि नको म्हणाले तर माघारी फिरा. माझ्या वर्गातही शेवटी हाच बदल दिसत होता. जुन्या गायकवाडी घरांतली मुलं इंग्रजी शाळांत गेली आणि पटावर जळगाव-धुळ्याकडून मजुरीला आलेल्यांची मुलं राहिली. आज मराठी शाळेचा पट त्यांच्यामुळे टिकला आहे, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

माणसं आल्याने काय बदललं, यासाठी ताट आणि बोली पाहा. इथली सेव उसळ घ्या: उसळ आपली, शेव गुजराती, आणि सकाळी गाडीवर खाणारे दोन्हीकडचे. घरात कोणता शब्द कुठून आला हेही मुलांना विचारा, ती पटकन सांगतात.

लिहून झालं की ज्याचं त्याला वाचून दाखवा. मी आजींचं पान वाचलं तेव्हा त्यांनी मला थांबवलं आणि देवासच्या घरामागच्या विहिरीचं लिहायला सांगितलं. त्यासाठी प्रत्येक पानाखाली चार ओळी मोकळ्या सोडा.