सेकंडहँड लेगो, पुस्तिका गायब: मी सेट कसा शोधला

सेकंडहँड घेतलेल्या लेगोच्या ढिगात खोका नव्हता, जोडणीची पुस्तिकाही नव्हती. ठोकळ्याच्या पोटात बारीक आकडा कोरलेला दिसला की सेट सापडला असं वाटतं, पण तो असतो त्या तुकड्याच्या आकाराचा नंबर. २×४ च्या साध्या ठोकळ्याचा ३००१, आणि तो ठोकळा असंख्य सेटमध्ये असतो, त्यावरून काही कळायचं नाही. म्हणून साधे ठोकळे बाजूला सारले आणि चमत्कारिक तुकडे तेवढे वेचले: छापील नक्षीचे, आडनिड्या रंगाचे, छोट्या माणसांची धडं. एक पारदर्शक हिरवी काच मिळाली, बहुधा विमानाची. तिचा नंबर आणि रंग ब्रिकलिंकवर, म्हणजे लेगोचे सुटे तुकडे आणि सेट विकणाऱ्या साइटवर, टाकल्यावर मोजकेच सेट उरले. त्यांच्याशी छापील धड ताडून पाहिलं, एकच राहिला.

सेटचा नंबर हाती आला की पुढचं सोपं. लेगोच्या साइटवर तो टाकला की पुस्तिकेची पीडीएफ फुकट मिळते. फार जुन्या सेटची मात्र तिथे बहुतेक नसते. जोडायला बसण्याआधी रीब्रिकेबल या साइटवरची त्या सेटच्या तुकड्यांची यादी समोर ठेवून मोजून घ्या. माझ्याकडे चाकं होती, त्यांचे टायरच नव्हते. ते सुटे मागवले.